घरच्या प्रार्थनेत रोजच्या चिंता देवापुढे किती उघडपणे मांडाव्यात?

प्रश्न : ऐरोलीची सून

सर्व वाचकांना प्रभूच्या नावात सलाम.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, आणि गेली काही वर्षे ऐरोलीत भाड्याच्या घरात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघे, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा आहे. रात्रीच्या जेवणाआधी कौटुंबिक उपासना करण्याची रीत सासूबाईंनी गावाकडून आणली आणि ती आमच्याकडे आजही चालू आहे. एक गीत म्हणायचे, शास्त्रातला एक भाग वाचायचा, मग कोणीतरी एकाने प्रार्थना करायची आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची, असा तिचा क्रम आहे.

माझी अडचण त्या मधल्या प्रार्थनेविषयी आहे. यजमान तुर्भ्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहेत. मार्चअखेर त्यांचे कंत्राट संपते आणि पुढे काय होणार हे अजून कोणी सांगत नाही. घराचा अकरा महिन्यांचा करारही त्याच सुमारास संपतो आणि मालकांनी भाडे वाढवण्याचे सुचवून ठेवले आहे. सिडको या सरकारी महामंडळाच्या घरांची पुढची सोडत निघाली की अर्ज भरावा असे मनात आहे. मुलीने गणिताची इतकी धास्ती घेतली आहे की सराव परीक्षेच्या दिवशी सकाळी तिला अन्न जात नाही. या सगळ्या गोष्टी आम्ही जेवताना बोलतो, फोनवर नातेवाइकांशी बोलतो, गाडीची वाट पाहताना बोलतो. परंतु उपासनेत डोळे मिटले की, "हे प्रभू, आमच्या कुटुंबाला आशीर्वाद दे, आजाऱ्यांना बरे कर, सर्वांच्या गरजा पुरव," एवढ्यावर प्रार्थना आटोपते. ज्याने जिवाला घोर लावला आहे ते देवापुढे येतच नाही.

मी याविषयी घरात बोलले तेव्हा तीन वेगवेगळी मते निघाली. यजमानांचे म्हणणे असे की आपण मागण्यापूर्वीच आपल्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, मग भाडे आणि पगार यांची यादी त्याला वाचून दाखवण्यात काय अर्थ आहे. शिवाय स्वतःच्या घरासाठी प्रार्थना करणे त्यांना स्वार्थीपणाचे वाटते. सासूबाई म्हणतात की चिंता बोलून दाखवणे म्हणजे विश्वास कमी पडणे. आणि मुलगी म्हणाली, "मागच्या वेळी प्रार्थना केली होती, तरी पेपर अवघडच आला." तिच्या या बोलण्याला काय उत्तर द्यावे हे आम्हा कोणालाच सुचले नाही.

पैसा, घर, नोकरी यांसारख्या गोष्टी देवाकडे नाव घेऊन मागाव्यात का, मुलांसमोर त्या किती बोलाव्यात, आणि मागूनही मिळाले नाही तर घरात काय सांगावे, याविषयी आपापल्या घरची रीत कृपया सविस्तर लिहावी.

नौपाड्याचे गुरुजी

भगिनी, तुमच्या यजमानांनी दिलेला दाखला खरा आहे, पण तो जिथे येतो तिथून दोन ओळी पुढे वाचला पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील आठव्या वचनात प्रभू येशू सांगतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, आणि लगेच नवव्या वचनापासून तो शिष्यांना मागायला शिकवतो. देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा यांच्यानंतर, आणि अपराधांच्या क्षमेच्याही आधी, त्या प्रार्थनेत रोजची भाकर येते. पित्याला ठाऊक आहे म्हणून मागूच नये असा अर्थ असता तर भाकरीची ही विनंती तिथे आलीच नसती. पित्याला ठाऊक आहे म्हणून तीच ती बडबड करून त्याचे मन वळवण्याची गरज नाही, एवढेच तिथे सांगितले आहे.

आता या भाकरीत काय काय येते हा प्रश्न जुना आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली घरातील वडिलधाऱ्यांनी मुलांना शिकवावे म्हणून जी छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली, तिच्यात या विनंतीचे स्पष्टीकरण करताना अन्नवस्त्राबरोबर जोडे, घर, शेत, गुरेढोरे, पैसा, चांगला जोडीदार, चांगले सरकार, चांगले हवामान, आरोग्य आणि विश्वासू शेजारी हे सगळे रोजच्या भाकरीत घातले आहे. ज्या यादीत जोडे आणि हवामान बसतात त्या यादीत ऐरोलीचे भाडे आणि तुर्भ्याचे कंत्राट बसणार नाही असे मला वाटत नाही.

तुमच्या सासूबाईंच्या म्हणण्यातही तथ्य आहे, कारण चिंता करू नका ही प्रभूची आज्ञाच आहे. परंतु प्रेषित पौल फिलिप्पै येथील मंडळीला, म्हणजे फिलिप्पैकरांना, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" असे लिहितो तेव्हा वाक्य तिथे थांबत नाही. सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून, आभारप्रदर्शनासह, आपली मागणी देवाला कळवा, असे ते पुढे जाते. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले आहे. चिंता गिळून टाका असा त्याचा उपदेश नाही, ती कोणापुढे मांडायची ते त्याने सांगितले आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी किती तरी स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "हे परमेश्वरा, किती वेळ?" अशा विचारण्याने होते, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी उजाडत नाही. ही स्तोत्रे शास्त्रात ठेवली गेली याचा अर्थ असे बोलणे देवापुढे चालते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना शिलो येथील मंदिरात मुलासाठी इतकी व्याकूळ होऊन प्रार्थना करते की तिचे ओठ हलतात पण आवाज निघत नाही, आणि एली याजक तिला मद्य प्यालेली समजतो. तिची चिंता कोणी अविश्वासात मोजलेली नाही.

माझी विनंती एवढीच की प्रार्थनेत "गरजा पुरव" या शब्दांच्या जागी ती गरज बोला. "मार्चअखेर बाबांचे कंत्राट संपते, साहेबांनी अजून काही सांगितलेले नाही, आणि आम्हाला रात्री झोप लागत नाही," असे साधे वाक्य पुरते. सजावटीची भाषा लागत नाही. मंडळीत मी आयुष्यभर सुंदर शब्दांतल्या प्रार्थना ऐकल्या; त्यांतल्या बऱ्याच विसरलो. एका विधवा बाईंनी शिलाई यंत्राचा पट्टा तुटला म्हणून केलेली प्रार्थना मात्र मला अजून शब्दशः आठवते, आणि ती ऐकून दुसऱ्याच दिवशी मंडळीतील एका गृहस्थांनी त्यांना नवा पट्टा आणून दिला होता. गरजेचे नाव घेतले की ती शेजारी बसलेल्यालाही कळते, ही या रीतीची आणखी एक बाजू आहे.

कळवा पूर्व

गुरुजींच्या मताशी मी सहमत आहे, परंतु मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी सुचवतो. चौथीतल्या मुलाला "बाबांच्या कामाविषयी आपण देवाशी बोलतो आहोत" एवढे कळणे योग्य आहे. बँकेत किती शिल्लक आहे आणि ती किती महिने पुरेल हे त्याने ऐकण्याची गरज नाही. लहान मूल आकडा धरून बसते आणि दुकानात वही घेतानाही घाबरते. आमच्याकडे घरच्या उपासनेत अडचणीचे नाव घेतले जाते, आणि मुले झोपल्यावर आम्ही पतिपत्नी दोघे मिळून उरलेले सर्व, आकड्यांसह, देवापुढे ठेवतो. दहावीतली मुलगी मात्र या दुसऱ्या प्रार्थनेत बसण्याइतकी मोठी आहे असे मला वाटते, अर्थात तिची इच्छा असेल तर.

कोपरखैरणेचा बाबा

ताई, सिडकोच्या सोडतीविषयी लिहितो, कारण त्या वाटेने आम्ही गेलो आहोत.

२०१८ साली तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील सुमारे पंधरा हजार घरांची मोठी सोडत निघाली होती आणि तीत आम्ही अर्ज भरला होता. तेव्हा घरात हाच प्रश्न उभा राहिला. घरांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त; आमच्यासारखीच गरजू कुटुंबे आपापल्या देवघरात, मशिदीत, विहारात आणि चर्चमध्ये हेच मागत असणार; मग "हे घर आम्हालाच दे" म्हणणे म्हणजे दुसऱ्याला देऊ नकोस म्हणणे नव्हे का, असे माझ्या पत्नीने विचारले. तिचा प्रश्न मला फार रास्त वाटला. आम्ही पाळकसाहेबांशी बोललो. त्यांनी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडून दाखवला. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित नेमण्यासाठी चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी शिष्य प्रार्थना करतात, पण ते कोणा एकाचे नाव पुढे रेटत नाहीत. तू कोणाला निवडले आहेस ते दाखव, असे ते म्हणतात. पाळकसाहेबांनी सांगितले की घर हवे आहे हे मोकळेपणाने सांगा, कारण मनातले लपवून देवापुढे निरिच्छपणा दाखवणे हाही खोटेपणाच आहे; मात्र त्याच प्रार्थनेत ज्यांना घर लागेल आणि ज्यांना लागणार नाही त्या सर्वांसाठीही मागा.

म्हणून आम्ही घर मागितले, आणि त्याबरोबर आणखी काही गोष्टी मागितल्या ज्यांचा पुढे जास्त उपयोग झाला. उत्पन्नाचा दाखला खरा द्यावा, कमी उत्पन्न दाखवून दुसऱ्या गटात घुसण्याचा सल्ला जो जवळच्याच एका माणसाने दिला होता त्याला बळी पडू नये, आणि घर लागलेच तर हप्ता झेपेल की नाही याचा हिशोब डोके शांत ठेवून करता यावा, हे आम्ही रोज मागत होतो. सोडत संगणकावर निघते, तिच्यात आपल्या हातात काही नसते. अर्जात काय लिहायचे ते मात्र आपल्याच हातात असते, आणि प्रार्थनेने माझ्यात जो बदल झाला तो तिथे झाला.

आमचे नाव यादीत नव्हते. माझ्या मुलीने मोबाइलवर ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली, मग विचारले, "देवाने नाही म्हटले का?" मी तिला सांगितले की देवाने काय म्हटले ते मला ठाऊक नाही, आपल्याला घर लागले नाही एवढे ठाऊक आहे, आणि तुला वाईट वाटले तेही आज आपण त्याला सांगू. त्या रात्री तिने स्वतः प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेत राग होता. आम्ही तिला मध्येच थांबवले नाही. अनामत रक्कम यथावकाश परत आली, आणि आम्ही अजून भाड्याच्याच घरात राहतो.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. विश्वासाने मागा म्हणजे मिळेलच, आणि मिळाले नाही तर तुमच्या विश्वासात खोट आहे, असे शिकवणाऱ्या सभा आपल्याकडे भरतात आणि अडचणीतली माणसे तिथे ओढली जातात. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. त्यांच्या विश्वासात खोट होती असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तुमच्या मुलीला पेपर अवघड गेला तेव्हा तिची प्रार्थना कमी पडली असे तिला चुकूनही वाटू देऊ नका.

चरईची माहेरवाशीण

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमची रीत थोडी वेगळी आहे, पण प्रश्न तोच आहे म्हणून लिहिते. माझे माहेर ठाण्यात चरईला, आणि आमचे चर्च मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट. माहेरी संध्याकाळी अल्तारापुढे जपमाळ होत असे आणि प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा मण्यांच्या प्रार्थनेआधी, घरातील एक जण आपला हेतू मोठ्याने सांगत असे. "हे दशक आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी," "हे दशक दादाच्या मुलाखतीसाठी," एवढेच सांगायचे. जे लांब प्रार्थना करू शकत नाहीत, ज्यांना चारचौघांत बोलताना अवघडल्यासारखे होते, त्यांच्यासाठी ही पद्धत फार चांगली आहे, कारण हेतू एका वाक्यात सांगायचा असतो आणि पुढचे शब्द सर्वांना पाठ असतात. तुमच्याकडे जपमाळ नाही, पण प्रत्येकाने एक वाक्य सांगावे आणि त्यानंतर सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी, असे तुम्हाला सहज करता येईल.

माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मरियामातेची खास प्रार्थना, होते. ती १९४८ सालापासून चालू आहे आणि तिथे सर्व धर्मांचे लोक येतात. दादरला गाडी बदलून मी आईबरोबर तिथे जात असे. लोक आपल्या विनंत्या आणि उपकारस्तुतीची पत्रे लिहून तिथे देतात. त्यांतली काही वाचून दाखवली जात तेव्हा मी कान देऊन ऐकत असे: कोणाला नोकरी हवी, कोणाला मूल हवे, कोणाच्या नवऱ्याची दारू सुटायला हवी. आपली चिंता फार क्षुल्लक आहे, ती देवापुढे कशी न्यावी, असा संकोच माझ्या मनातून तिथे गेला.

त्यावरून आईने घरी एक शंभर पानी वही केली होती. डाव्या बाजूला तारीख घालून विनंती लिहायची आणि उजवी बाजू मोकळी ठेवायची. पुढे कधी काही घडले, मग ते मागितले तसे असो वा वेगळे, की उजव्या बाजूला लिहायचे. काही ओळींची उजवी बाजू आजही कोरी आहे आणि ती कोरीच राहू दिली आहे. आईने तिथे ओढूनताणून काही लिहिले नाही. एका ठिकाणी डावीकडे "गॅसचा नंबर लवकर लागू दे" असे आहे आणि त्याच्या खालच्याच ओळीत "बाबांची गाठ साधी निघू दे" असे आहे. आईने दोन्ही एकाच अक्षरात, एकाच शाईने लिहिले आहे.

आणखी एक सुचवते. पवित्र मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, विश्वासूंच्या ज्या विनंत्या होतात त्यांना एक क्रम असतो: आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि जगासाठी, मग पीडितांसाठी, आणि शेवटी आपल्या स्थानिक समाजासाठी. ही विनंत्यांची प्राचीन प्रथा १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सामध्ये पुन्हा सुरू करवली. घरात इतक्या शिस्तीची गरज नाही, तरी रोज घराबाहेरच्या एकाचे नाव घ्यावे. यजमानांच्या विभागात त्यांच्याबरोबर कंत्राटावर असलेले इतरही असतील. त्यांच्यासाठी मागू लागल्यावर स्वतःसाठी मागण्यातला स्वार्थाचा सल त्यांना बोचणार नाही असे मला वाटते.

नेरूळ, वय बावीस

मी वयाने लहान आहे, तरी दहावीतल्या मुलीच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण ते वर्ष माझ्या चांगले लक्षात आहे.

मोठ्या माणसांना हे जाणवत नाही, पण घरच्या प्रार्थनेत पुष्कळदा देवाचे नाव घेऊन मुलाला बोलले जाते. "हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याचा वेळ मोबाइलमध्ये वाया जाऊ देऊ नकोस, आईवडिलांच्या कष्टांची याला जाणीव होऊ दे." डोळे मिटलेले असल्यामुळे मुलाला उत्तर देता येत नाही आणि आमेन म्हणावे लागते. मी असल्या प्रार्थना अनेक घरांत ऐकल्या आहेत, आणि ज्याच्यासाठी त्या केल्या जातात तो मुलगा हळूहळू उपासनेच्या वेळी घराबाहेर राहण्याची कारणे शोधू लागतो हेही पाहिले आहे. मुलांविषयीची काळजी देवापुढे जरूर मांडावी, पण मुलाला जे सांगायचे आहे ते त्याच्याशी समोरासमोर बोलावे.

माझी आजी वेगळे करीत असे. बोर्डाच्या परीक्षेच्या काळात ती मला रोज विचारायची, "तुझ्यासाठी काय मागू?" आणि मी जे सांगेन तेच, माझ्याच शब्दांत, मागायची. एकदा मी म्हणालो की इतिहासातल्या सनावळ्या डोक्यात राहत नाहीत, तर तिने "प्रभू, याच्या सनावळ्या डोक्यात राहू देत" अशीच प्रार्थना केली. तीत "आणि याला चांगले गुण मिळू देत" अशी भर घातली नाही. दुसऱ्या एका दिवशी मी म्हणालो, काहीच मागू नकोस, तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फक्त आभार मानले. त्या परीक्षेतले माझे गुण साधारणच होते.

ताई, तुमच्या मुलीला पेपर सोपा यावा अशी प्रार्थना करायला सांगू नका, कारण सगळ्या मुलांचा पेपर एकच असतो आणि तो केव्हाच छापलेला असतो. सकाळी पोटात अन्न राहावे, हात थरथरू नयेत, येणारे गणित आधी दिसावे, हे मागता येते. आणि तिला गणितात नेमके कुठे अडते हे विचारून शिकवणीतल्या बाईंना तसे सांगणे हेही प्रार्थनेइतकेच आवश्यक आहे.

ऐरोलीची सून

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. सर्व उत्तरे मी यजमानांना वाचून दाखवली. चरईच्या ताईंचा शेवटचा मुद्दा त्यांना पटला. त्यांच्या विभागातील दोन सहकाऱ्यांची नावे त्यांनी त्याच रात्री प्रार्थनेत घेतली, आणि त्यानंतर स्वतःच्या कंत्राटाचे नाव घेणे त्यांना जड गेले नाही.

सासूबाईंचे मन मात्र वळत नाही. त्या मोडता घालत नाहीत, पण मी भाड्याचे नाव घेतले की त्या डोळे उघडून माझ्याकडे पाहतात. नंतर म्हणाल्या, "आम्ही असले काही देवाकडे मागत नव्हतो." त्यांना दुखवून मला ही रीत घालायची नाही. काय करावे?

दुसरे असे की मुलीची सकाळची मळमळ आता परीक्षा नसलेल्या दिवशीही होते. यासाठी केवळ प्रार्थना पुरेशी आहे का, असा प्रश्न मला पडला आहे.

नौपाड्याचे गुरुजी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मुलीला विनाविलंब डॉक्टरांकडे न्या आणि ही धास्ती त्यांना स्पष्ट सांगा. पौलाबरोबर प्रवास करणाऱ्या लूकाला तो प्रिय वैद्य म्हणतो. प्रार्थना करणाऱ्यांच्या त्या मंडळात वैद्य होताच. ताणतणावाविषयी बोलण्यासाठी केंद्र सरकारची टेली मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. हे करणे म्हणजे देवावरचा भरवसा कमी होणे आहे, असे घरात कोणी म्हणाले तर त्यांना हा निरोप माझ्या नावाने सांगा.

आता सासूबाईंविषयी. त्या नगर जिल्ह्यातल्या आहेत आणि तुमच्या यजमानांच्या वयावरून अंदाज केला तर १९७२ च्या दुष्काळात त्या वयात आलेल्या असणार. त्या वर्षी आपल्या भागातील बायामाणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी येत होती. त्यांच्याशी वाद घालू नका. त्या काळी घरात संध्याकाळी कोणती प्रार्थना होत असे, एवढे त्यांना विचारा, आणि त्या सांगतील ते मुलांना शेजारी बसवून ऐका.

ऐरोलीची सून

गुरुजी, काल जेवणानंतर विचारले. आधी त्या म्हणाल्या की आठवत नाही. मग बऱ्याच वेळाने स्वतःहून सांगू लागल्या. त्यांचे वडील पाझर तलावाच्या कामावर जात आणि हजेरी लागली नाही तर त्या दिवसाची मजुरी मिळत नसे. म्हणून त्यांची आई रोज पहाटे चुलीपुढे बसून, "आज मुकादमाला यांची हजेरी मांडायची बुद्धी दे," अशी प्रार्थना करीत असे. रेशन दुकानात ज्वारी आली असेल का, विहिरीचे पाणी लागेल का, बैल विकावा लागेल का, हे सगळे त्या माउलीने देवाला सांगितले होते. सासूबाई म्हणाल्या की बैल शेवटी विकावाच लागला, आणि त्या दिवशी आई प्रार्थनेला बसली खरी पण काहीच बोलली नाही. मुलगा हे ऐकता ऐकता मुकादम म्हणजे कोण, असे विचारत होता. मुलीने काहीच विचारले नाही, पण ती उठूनही गेली नाही.

भाड्याविषयी सासूबाई अजून स्वतः काही मागत नाहीत. आज उपासनेत मात्र त्यांनी तेरावे स्तोत्र वाचायला काढले.

मुलीला उद्या संध्याकाळी सेक्टरातल्या डॉक्टरांकडे नेत आहोत. तिनेच सांगितले की, "डॉक्टर काय म्हणतील याची मला भीती वाटते, तेवढे मागा," आणि तेवढेच मागितले. कोपरखैरणेचे दादा म्हणाले त्याप्रमाणे हप्त्याचा हिशोब रविवारी उपासनेहून आल्यावर आम्ही दोघे करणार आहोत, आणि त्यात मुलगी बसणार आहे. पगाराच्या चिठ्ठ्या, भाड्याचा करार आणि भिशीची वही एका पिशवीत काढून ठेवली आहे. सोडतीचा अर्ज भरायचा की नाही हे त्यानंतर ठरवू.